न आलेला मेल

वंदनाची टिश्यू कल्चरची लॅब नांदुऱ्याला मलकापूर रस्त्यावर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागं होती. बाहेरून पाहिलं तर नुसतं पत्र्याचं गोदाम. आत मात्र थर्माकोल लावून चहूबाजूंनी बंद केलेली एक खोली होती. लोखंडी रॅकवर काचेच्या बाटल्या, बाटल्यांत जेलीसारखं खाद्य, आणि त्यावर बोटभर उंचीची केळीची रोपं. डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा. एवढ्या दिव्यांची ऊब त्या बंद खोलीत कोंडू नये म्हणून दोन एसी लावलेले. पारा पंचविसाच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा तिथला एकच नियम.

लॅबचा खर्च केळीवर निघायचा. पण कोपऱ्यातल्या शेवटच्या रॅकवर केळी नव्हती. तिथं पानवेल होती, खायच्या पानाची.

ती वेल तिच्या वडिलांची. मोतीराम जळगाव जामोदच्या बाजूचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले. बारी समाजाचं घर, आजोबा-पणजोबांपासून पानमळा. त्यांच्या घरची वेल तशी कपुरी जातीचीच, पण पान लहान आणि पातळ, देठ किंचित लालसर. चावलं की तिखटपणा जिभेला फार लागायचा नाही, घशात थंड उतरायचं. शेगावचे जुने पानवाले हे पान नाव घेऊन मागायचे. मग मळ्यात मर रोग शिरला. आज हिरवी दिसणारी वेल परवा मुळापासून काळी. औषधं मारून झाली, माती बदलून झाली. गावातल्या बाकीच्यांनी बाहेरून दुसऱ्या जातीची वेल आणली, काहींनी हळद लावली. मोतीराम शेवटपर्यंत थांबले. अखेर चार-दोन वेली उरल्या तेव्हा वंदनानं त्यांचे शेंडे कापून, ओल्या कपड्यात गुंडाळून लॅबमध्ये आणले.

ती तेव्हा जळगावच्या केळीच्या लॅबमधली नोकरी सोडून नुकतीच नांदुऱ्याला आली होती. तिला वाटलं होतं, वर्षभराचं काम आहे. पण पानवेलीच्या आत जंतू दडून बसतात. बाहेरून कितीही धुवा, बाटलीत ठेवलं की आठवड्यानं जेलीवर दुधाळ साय धरते. कितीतरी वेळा सगळं फेकून पुन्हा सुरुवात केली. मधल्या काळात मळ्यातल्या उरलेल्या वेलीही गेल्या. एकदा काही रोपं तयार झाली म्हणून तिनं कुंड्यांत लावली, तर ती मे महिन्यात करपली. शेवटी एका शेंड्यापासून निरोगी रोप मिळालं. त्याचे दोन केले, दोनाचे चार, आणि या वर्षी शेवटचा रॅक वरपासून खालपर्यंत भरला. प्रत्येक बाटलीत बारीक हिरवी पानं, खाली पांढरी मुळं. श्रावण सरला की ती मातीत जायची होती.

मोतीरामनी गावाकडं तयारी करून ठेवली होती. वेल चढायला शेवरी लागते म्हणून त्यांनी आधीच शेवरी पेरली. आता ती माणसाच्या छातीएवढी झाली होती. गावातले लोक विचारत, "मोतीरामभाऊ, वेल नाही अन् शेवरी कायले लावली?" ते म्हणत, "वेल नांदुऱ्याले शिकाले ठेवली हाये. येते आता घरी."

वंदनाचा धाकटा भाऊ कुलदीप. नांदुऱ्यातच बसस्टँडजवळ त्याचं दुकान होतं. सीसीटीव्ही, वायफाय, कॉम्प्युटर दुरुस्ती. लॅबमधलं वायरिंगचं सगळं काम त्याचं. खोलीचं तापमान पाहणारं यंत्र जुनं होतं, जळगावच्या लॅबनं भंगारात काढलेलं. त्याला इंटरनेट वगैरे काही ठाऊक नव्हतं, मागच्या बाजूला फक्त एक नऊ पिनांचं सॉकेट होतं. कुलदीपनं एक छोटी डबी आणली. डबीत एका बाजूनं त्या यंत्राची वायर जायची, दुसऱ्या बाजूनं इंटरनेटची. यंत्र जो आकडा सांगेल तो डबी ऐकायची आणि पारा वर गेला की वंदनाच्या फोनवर मेल टाकायची. एरवी मेल आला तर फोन नुसता थरथरायचा, पण या मेलसाठी कुलदीपनं रेल्वेच्या भोंग्यासारखा आवाज लावून दिला होता. लॅब आणि घर यात अंतर होतं. रात्री-बेरात्री लाइट जाऊन-येऊन एसी बंद पडला की भोंगा वाजायचा, वंदना स्कूटी काढून धावायची. दोन उन्हाळे त्या डबीनंच लॅब वाचवली.

आषाढात एक दिवस लॅबचं इंटरनेट बंद झालं. कनेक्शनवाल्याला फोन केला तर तो उलट भडकला. तुमच्या लाइनवरून भलत्याच लोकांना भलतेच मेल चाललेत, आधी ते थांबवा म्हणाला. कुलदीपनं येऊन पाहिलं. डबीत बाहेरचं कोणीतरी शिरलं होतं. कुठल्या देशातलं कोण, कळायला मार्ग नव्हता, पण डबीचा मेलचा रस्ता वापरून त्यानं हजारो लोकांना कचरा पाठवला होता. यंत्राला हात लागला नव्हता, एवढंच नशीब.

"आतापावतो या डबीशी जगातला कोनीबी बोलू शकत होता," कुलदीप लॅपटॉपसमोर बसत म्हणाला. "पासवर्डबी कंपनीचाच ठेवला होता आपन."

"आपन म्हंजे तू," वंदना म्हणाली.

"हाव, मीच." तो हसला. "आता फायरवॉल चालू करतो. हे पाह्य ताई, इथं मी नंबर टाकून राह्यलो. एक तुह्या कॉम्प्युटरचा, एक माह्या दुकानाचा. ज्याचा नंबर इथं नाही, त्याच्याशी डबी बोलनार नाही. त्याचं ऐकनार नाही, अन् आपन होऊन त्याले काही पाठवनारबी नाही."

"मंग मले मेल कसा येईन?"

"सांगतो ना. मेल आधी मेलवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जाते, मंग तुह्याकडे. त्या कॉम्प्युटरचा नंबर टाकला की झालं. नाव टाकता येत नाही याच्यात, नंबरच लागते."

त्यानं नंबर शोधून टाकला, डबी बंद करून चालू केली. मग तापमान मोजणारी तार खोलीतून ओढून आणली आणि गरम पाण्याच्या ग्लासात बुडवली. थोड्याच वेळात टेबलावर ठेवलेला वंदनाचा फोन भोंग्यासारखा ओरडला. पलीकडं बाटल्या धूत असलेली संजीवनी दचकली. लॅबमधली ही एकच कायमची कामाला होती. तिघंही हसले.

निघता निघता कुलदीप दारात थांबला. "एक गोष्ट हाये ताई. मेलवाले लोक हा नंबर कधीमधी बदलवतात."

"कधी?"

"सांगून नाही बदलवत. म्हनून मी रोज सकायी एक मेल लावून देतो, 'सर्व ठीक' असा. तो आला म्हंजे रस्ता चालू हाये. एखाद्या दिवशी नाही आला तर मले फोन लाव, मी नवा नंबर टाकतो."

वंदनानं मान हलवली.

पण तो सकाळचा मेलही त्याच पत्त्यावरून यायचा, त्यामुळं त्यालाही तोच भोंगा वाजायचा. वंदना कधी पोळ्या लाटत असायची, कधी अर्पिताची वेणी घालत असायची. अर्पिता तिची मुलगी, सकाळच्या शाळेची. भोंगा वाजला की वंदनाच्या छातीत धस्स व्हायचं. आज सर्व ठीकच असणार हे माहीत असूनही ती हातातलं टाकून फोनकडं धावायची. तिनं कुलदीपला सांगितलं, या मेलचा आवाज वेगळा कर. तो येतो येतो म्हणत राहिला. सण तोंडावर आले होते, दुकानात गर्दी होती. शेवटी एका सकाळी तिनं वैतागून फोन केला.

"कुलदीप, माहा जीव जाऊन राह्यला रोज सकायी. येनं होत नसन तर तो मेलच बंद कर ना."

"बंद केला तर कसं कळन मंग..."

"खोली गरम झाली तर मेल येतेच ना?"

"येते."

"मंग?"

कुलदीपच्या पुढ्यात दोन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवरूनच त्यानं डबी उघडली आणि रोजचा मेल बंद केला. नंतर मोकळ्या वेळात जाऊन आवाज वेगळा करू, पुन्हा चालू करू, असं त्यानं मनात ठरवलं. ते त्याला पुढंही दोन-तीनदा आठवलं. एकदा तर लॅबवरून जाताना आठवलं, पण गाडीच्या मागं शिडी बांधलेली होती आणि पाऊस यायचा रंग होता.

नागपंचमीला बारी समाजाच्या घरात दिवाळीएवढं महत्त्व. नागवेल घरची, म्हणून नाग घरचा. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात. वंदना, तिचा नवरा शेखर, अर्पिता आणि कुलदीप आदल्या दिवशी दुपारीच गावी गेले. संजीवनीही माहेरी गेली. दोन एसींपैकी एक दुरुस्तीला गेला होता, पण दुसरा ठणठणीत होता. वंदनानं निघताना खोलीत जाऊन पाहिलं. शेवटच्या रॅकपुढं ती थोडा वेळ उभी राहिली. मग दार लावलं.

सणाच्या दिवशी सकाळी सगळे मळ्यात गेले. मोतीरामनी शेवरीच्या रांगांमधली जागा झाडून घेतली होती. पुष्पाबाईंनी, वंदनाच्या आईनं, दुधाची वाटी आणि लाह्या ठेवल्या. दरवर्षी पूजा पहिल्या वेलीच्या बुडाशी व्हायची. या वर्षी नुसत्या शेवरीच्या बुडाशी झाली.

"पुढच्या खेपेले वेल राहीन इथं," मोतीराम म्हणाले. "वंदे, किती रोपं देशीन मले?"

"रॅक भरून हाये बाबा. पहिल्या दोन रांगा तर नक्की होतात."

"पहिलं पान मी खाईन," ते म्हणाले. "बाकीचं तुमी पाहा."

पुरणाची जेवणं झाली, दुपारी सगळे ओसरीवर आडवे झाले. पुष्पाबाईंनी विचारलं, "तिकडं लॅबवर कोनी नाही ना वो बाई?"

"कोनी नाही. पन डबी हाये ना. काही झालं तर हा वाजते." वंदनानं उशाशी ठेवलेला फोन दाखवला. "वाजला नाही म्हंजे सगळं ठीक हाये."

फोन त्या दिवशी वाजला नाही. रात्रीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी माहेराहून थेट लॅबवर गेली. गावी वंदना चहा घेत होती तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, तुमी लवकर या."

"काय झालं?"

"खोलीत जानं नाही होऊन राह्यलं मॅडम. दार उघडलं तर आतून वाफ आली. एसी बंद हाये. लाइट सगळे चालू हायेत."

वंदनानं कप जमिनीवर ठेवला, तो कलंडला. कुलदीपनं तिच्याकडं पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

काय झालं होतं ते लॅबवर आल्या आल्या कळलं. सणाच्या आदल्या संध्याकाळी नांदुऱ्यात वीज जाऊन-येऊन करत होती. त्यात एसीचा स्विच ट्रिप होऊन खाली पडला आणि तसाच राहिला. ट्यूबलाइट मात्र वीज आली तशा आपोआप पेटल्या. थर्माकोलच्या बंद खोलीत त्या दीड दिवस जळत राहिल्या. यंत्रावर अजूनही त्रेपन्न दिसत होतं, तेही दार उघडून बराच वेळ झाल्यावर.

केळीची पानं पिवळी पडून लोंबत होती. वंदना त्यांच्याकडं न पाहता शेवटच्या रॅककडं गेली. बाटल्यांच्या आत वाफेचे थेंब जमले होते. तिनं एक बाटली उचलली, हाताला चटका बसला तरी सोडली नाही, ओढणीनं पुसली. आतलं रोप उकडलेल्या भाजीसारखं जेलीवर बसलं होतं. तिनं दुसरी उचलली. तिसरी. वरच्या कप्प्यातली, मग अगदी खालची, जमिनीजवळची. तिथं गारवा राहिला असेल असं तिला वाटलं असावं.

"संजीवनी, ब्लेड गरम कर," ती म्हणाली. "नवीन बाटल्या काढ. जितक्या असतील तितक्या."

त्या दिवशी ती काम करायच्या टेबलापासून उठली नाही. प्रत्येक रोपाचा बुडखा कापून पाहायचा, जिथं जरा हिरवं वाटेल तेवढं नव्या जेलीवर ठेवायचं. संजीवनी बाटल्या देत राहिली, शेखर जेवणाचा डबा घेऊन आला आणि तसाच परत गेला. सगळा रॅक कापून झाला तेव्हा हिरवं वाटणारे तुकडे एका ट्रेवर मावले.

कुलदीप बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. डबीनं आपलं काम केलं होतं. पारा चढल्यापासून तिनं मेल पाठवायचा प्रयत्न केला होता, पुन्हा केला होता, थांबून पुन्हा केला होता. प्रत्येक वेळी तोच निरोप: मेल सर्व्हरशी संपर्क नाही. मेलवाल्यांनी नंबर बदलला होता. कधी, ते आता कळणार नव्हतं. पंचमीच्या खरेदीच्या आधी, नंतर, रोजचा मेल बंद केला त्याच दिवशीसुद्धा असेल. नवा नंबर फायरवॉलमध्ये नव्हता, म्हणून डबीला बाहेर जाता येत नव्हतं. तो रस्ता त्यानंच, स्वतःच्या हातानं बंद केला होता.

त्यानं नवा नंबर टाकला. लगेच वंदनाच्या फोनवर अडकून पडलेले मेल येऊ लागले. भोंगा वाजला, परत वाजला, वाजतच राहिला. वंदनाच्या हातात ब्लेड होतं. ती तशीच थांबली.

"बंद कर तो," ती म्हणाली.

कुलदीपनं धावत जाऊन फोन बंद केला. मग तिच्या बाजूला उभा राहिला.

"ताई, नंबर बदलला होता."

"समजलं मले."

"रोजचा मेल चालू असता तर..."

"मीच बंद कराले सांगतलं," वंदना म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मले माईत हाये मी सांगतलं. तू आता दुकानात जाय कुलदीप. मले काम करू दे."

"तू सांगतलं, पन मले समजत होतं. तुले नव्हतं समजत."

ती पुढचा बुडखा कापू लागली. त्यानं अजून थोडा वेळ वाट पाहिली. तिनं रागवावं, काही फेकून मारावं असं त्याला वाटत होतं. ती नुसती कापत राहिली.

पुढच्या काही दिवसांत ट्रेवरचे तुकडे एकेक करून तपकिरी झाले. सगळ्यात शेवटी एक तुकडा राहिला होता. त्याच्या कडेला खरंच हिरवी रेघ होती. वंदना सकाळ-संध्याकाळ बाटली उजेडाकडं धरून ती रेघ बघायची. मग एका सकाळी ती रेघही काळी झाली. वंदनानं बाटली परत जागेवर ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिली. संजीवनीनं चहा आणला, तो गार झाला.

मोतीरामना कोणी सांगायचं यावर घरात बरंच बोलणं झालं. कुणाला सांगवेना. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. एके दिवशी दुपारी ते एसटीनं नांदुऱ्याला उतरले, रिक्षा करून थेट लॅबवर आले. हातात कापडी पिशवी होती, पिशवीत लव्हाळ्याच्या काड्या. वेल शेवरीला बांधायला लागतात त्या.

"रोपं कधी देतं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

वंदना उठली. त्यांना शेवटच्या रॅकपाशी घेऊन गेली. रॅक रिकामा होता, पुसून ठेवलेला. मोतीरामनी खालपर्यंत वाकून पाहिलं, जणू बाटल्या कुठंतरी मागं सरकवल्या असतील.

"गरमीनं गेली बाबा. आपन पंचमीले गेलो होतो तेव्हा."

"किती?"

"सगळी."

ते बाहेर येऊन स्टुलावर बसले. एवढ्यात कुलदीप आला. संजीवनीनं त्याला फोन केला होता. मोतीरामनी त्याच्याकडं पाहिलं.

"तू तं म्हने मशीन बसवली होती. फोन वाजते म्हने."

"हाव बाबा. नाही वाजला."

"काऊन नाही वाजला?"

कुलदीप सांगू लागला. बाहेरचं कोणीतरी शिरलं होतं, म्हणून बंदोबस्त केला, त्यात नंबर टाकावे लागतात, मेलवाल्यांनी नंबर बदलला. मोतीराम ऐकत होते. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. कुलदीपचं बोलून संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"नंबर बदलते, हे तुले आधी माईत होतं?"

वंदना मध्ये बोलायला पुढं झाली. कुलदीपनं तिला हातानं थांबवलं.

"माईत होतं बाबा."

मोतीरामनी मान खाली घातली. पिशवीतल्या काड्या त्यांनी उगाच सारख्या केल्या. मग म्हणाले, "चाल, मले एसटीवर सोड." बस सुटेपर्यंत कुलदीप खिडकीखाली उभा राहिला. ते समोरच्या सीटकडं पाहत बसले होते.

आठवडाभरानं पुष्पाबाईंचा फोन आला. मोतीराम जेवत नव्हते, मळ्याकडं जात नव्हते, शेवरीत गुरं शिरली तरी उठले नव्हते. बोलता बोलता पुष्पाबाईंनी एक गोष्ट सांगितली. वंदनाच्या आत्याच्या लग्नात, फार वर्षांपूर्वी, आत्याच्या दिरानं इथून वेलीचं बेणं नेलं होतं. अकोटच्या पलीकडच्या गावात. लावलं होतं म्हणे.

वंदनानं लगेच फोन लावला. तो दीर, रामराव, म्हातारा झाला होता. पण आवाज खणखणीत. "हाये ना! पानमळा हाये अजून आमचा. तुमच्याकडचीच वेल हाये थे. येऊन पाहा ना!"

फोन ठेवल्यावर वंदना लॅबमध्येच जमिनीवर बसली आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा रडली. कुलदीपनं दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गावाहून निघाले; कुलदीप गाडी चालवायला, वंदना मागं थर्मासचा डबा आणि ब्लेडचं साहित्य घेऊन, मोतीराम पुढं. ते धुवून ठेवलेलं पांढरं धोतर नेसले होते. दाढी केली होती. संग्रामपूर गेल्यावर ते एकदा म्हणाले, "रामरावनं नेलं होतं हे मी तं इसरूनच गेलो होतो." बरंच पुढं गेल्यावर पुन्हा तेच म्हणाले.

रामरावांचा मळा खरंच मळा होता. दाट, ओलसर, आत शिरलं की एकदम गार. शेवरीवर वेली डोक्याच्या वर गेल्या होत्या. मोतीराम बांधावर चपला काढून आत गेले. पहिल्याच वेलीचं एक पान त्यांनी देठासकट खुडलं, धोतराला पुसलं, उजेडाकडं धरलं. देठ पाहिला. मग पान दुमडून तोंडात टाकलं.

वंदना त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

मोतीरामनी पान थुंकलं. "हे नव्हे."

"असं कसं?" रामराव म्हणाले. "तुमच्याकडूनच तं आनली होती."

"देठ हिरवा हाये हिचा. जिभेलेच झोंबते. आपली नाही ही."

रामराव गोंधळले. थोड्या वेळानं आठवून म्हणाले, मध्ये एकदा मर लागली होती तेव्हा थोडी वेल बाहेरून आणली होती खरी. ती यातच कुठं कुठं लावली. पण जुनीही असेल ना. कुठंतरी असेलच.

मोतीराम पुढच्या रांगेत गेले. पान खुडलं, चावलं, थुंकलं. त्याच्या पुढच्या रांगेत. मग दर चार-सहा वेलींना. कुलदीप त्यांच्या मागं मागं चालत होता; ज्या वेलीचा देठ जरा लालसर दिसेल तिचं पान तोडून त्यांच्या हातात देत होता. "हे पाहा बाबा. हे?" ते चावत. मान हलवत. पानांच्या तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ओठ सुजल्यासारखे झाले. रामरावांनी पाणी दिलं, ते चूळ भरून परत आत गेले.

"बाबा, बस करा आता," वंदना म्हणाली.

"तिकडचा कोपरा राह्यला."

तो कोपराही झाला. मळ्याच्या शेवटच्या वेलीपाशी ते उभे राहिले, पान हातात धरून. ते मात्र त्यांनी खाल्लं नाही. खाली टाकलं आणि बांधावर येऊन चपला घालू लागले. रामरावांनी जेवायचा आग्रह केला. कोणी जेवलं नाही. वंदनानं थर्मासचा डबा उघडलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर वरवट बकालच्या पुढं मोतीराम म्हणाले, "थांबव."

कुलदीपनं गाडी बाजूला घेतली. ते उतरले, रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले. समोर कपाशीचं वावर होतं. ट्रॅक्टर गेले, मोटरसायकली गेल्या. बराच वेळ झाला तरी ते उठेनात तेव्हा कुलदीप उतरून त्यांच्याजवळ गेला आणि मातीत बसला.

"बाबा, माही चूक झाली."

"हाव," मोतीराम म्हणाले. "झाली."

कुलदीप वाट पाहत राहिला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, शिवीही दिली नाही. ओठ अजून सुजलेले होते, बोलताना दुखत असावेत.

"माह्या बापानं मले ही वेल देली," ते म्हणाले. "त्याले त्याच्या बापानं. तुले देयाची होती मले. तुले पानात काही गोडी नाही, माईत हाये. तरी देयाची होती."

"दुसरीकडे असन बाबा. आपन शोधू."

"नाही," ते म्हणाले. "जाय तू. गाडीत बस. मले बसू दे जराकसं."

कुलदीप उठून गाडीत जाऊन बसला. मागच्या सीटवर वंदनाचा फोन वाजला. संजीवनी विचारत होती, केळीचे नवे कोंब आलेत, आजच कापायला घ्यायचे का. "घे," वंदना म्हणाली. "ब्लेड नीट तापव." फोन ठेवून तिनं काचेला डोकं टेकवलं.

ऊन उतरलं. वावरात फवारणी करणारा एक माणूस घरी जाता जाता म्हाताऱ्याजवळ थांबला, त्यानं काहीतरी विचारलं. मोतीरामनी नुसता हात हलवला. तो माणूस गाडीकडं एकदा पाहून निघून गेला. दोघं बहीणभाऊ आत बसून राहिले. मोतीराम उठले नाहीत.